चिकू, तारपा आणि पाहुणे

आंब्याला मराठी कवितेत मानाचे पान आहे. बोरे, करवंदे, फणस यांनाही कुठे ना कुठे जागा मिळालेली आहे. चिकूवर मात्र लक्षात राहावी अशी कविता माझ्या पाहण्यात नाही, आणि गेली वीस वर्षे मी पोटासाठी मराठी कविताच शिकवीत आलो आहे. बिचारे फळ तसे गरीब. रंग मातीचा, वास बेताचा. घरात कोणी आजारी असले की त्याच्या उशाशी ठेवायला आणायचे, एवढीच त्याची प्रतिष्ठा. त्यातून ते आपल्याकडे आले उशिरा. मूळचे ते मध्य अमेरिकेतले. त्या झाडाच्या चिकाला तिकडे 'चिक्ले' म्हणतात. पूर्वी च्युइंगगम त्याचाच करीत. फळाचे नाव बहुधा त्याच शब्दावरून आले. पण मौज अशी की, आपल्या भाषेत 'चीक' हा शब्द आधीपासूनच हजर होता, आणि कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतही होता. तेव्हा मराठी माणसाने या परक्या नावाला उंबऱ्यावर अडवून त्याची विचारपूस केलीच नाही. आपलेच समजून आत घेतले.

डहाणूने तर त्याला घरजावईच करून टाकले. इराणी आणि पारशी बागाइतदारांनी या किनाऱ्यावर चिकू रुजवला, मग इतरांनी लावला, आणि आज पालघर जिल्ह्यात सुमारे पाच हजार हेक्टर जमीन चिकूखाली आहे. घोलवडच्या मातीत चुन्याचा अंश अधिक, म्हणून तिथल्या फळाची गोडी निराळी, असे जाणकार सांगतात. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे दार्जिलिंगच्या चहाच्या पंक्तीला आमचा हा गरीब गडी जाऊन बसला.

पण पंक्तीला बसणे वेगळे आणि प्रवास करणे वेगळे. चिकू हे फळ प्रवासाला अगदी नालायक. झाडावरून ते कडक असतानाच उतरवायचे, धुऊन घ्यायचे, निवडायचे, भरायचे आणि रात्रीच्या रात्री रवाना करायचे. चारपाच दिवसांत ते पिकते आणि त्यानंतर आणखी दोन दिवसांत त्याचे काय होते ते सांगायला नको. त्यामुळे बागाइतदाराच्या हातात भाव नाही. माल थांबत नाही हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, आणि व्यापाऱ्याला हे ठाऊक आहे हे बागाइतदारालाही ठाऊक असते. वर पावसाळ्यात बुरशीने फळगळ होते. बी पोखरणारी अळी लागते ती वेगळीच. २०२१ साली मानांकन मिळालेला चिकू पहिल्यांदा इंग्लंडला निघाला तेव्हा वर्तमानपत्रांत ते छापून आले, मलाही बरे वाटले. मात्र तो माल निवडून भरण्याचे काम झाले गुजरातेत, तापी जिल्ह्यातल्या एका केंद्रात. आपल्या गावचा नवरदेव, पण त्याला हळद लागली शेजारच्या राज्यात.

फळ माणसांपर्यंत धड पोहोचत नाही, तर माणसांनाच फळापर्यंत आणावे, ही कल्पना बोर्डीच्या मंडळींना सुचली. 'रूरल आंत्रप्रेन्युअर्स वेल्फेअर फाउंडेशन' असे भले लांबलचक इंग्रजी नाव असलेली एक संस्था त्यामागे आहे. मराठीचा अध्यापक म्हणून मला त्या नावाबद्दल जे वाटते ते मी गिळतो, कारण काम चांगले आहे. २०१३ साली या संस्थेने बोर्डीला चिकू महोत्सव सुरू केला. त्याच वर्षी मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. या दोन गोष्टी कोणी जुळवून आणल्या नसतील; पण चर्चगेटला बसलेला माणूस गाडी न बदलता चिकूच्या झाडाखाली जाऊ शकतो ही गोष्ट एखाद्या महोत्सवाला केवढी उपयोगाची!

करोनाच्या आधीच्या एका वर्षी आम्ही सहकुटुंब त्या महोत्सवाला गेलो होतो. समुद्रकिनारा, सुरूची झाडे, त्यांच्याखाली मांडव आणि मांडवात चिकूची जेवढी म्हणून रूपे होऊ शकतात तेवढी सगळी: सुकवलेले काप, लोणचे, हलवा, आइस्क्रीम, भुकटी. बोर्डीत चिकूची वाइनही निघाली आहे. ती कशी लागते हे मी इथे लिहिणार नाही, दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात. शेजारी उकडहंडीचा वास, वारली चित्रांचे कापड, टोपल्या, सुकी मासळी. संध्याकाळी तारपा वाजू लागला. वाळलेला दुध्या भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण एवढ्या साहित्यातून तो घुमारा निघतो आणि वाजवणाऱ्याभोवती कमरेला हात घालून फेर फिरू लागतो. आमच्या धाकट्याने तो आवाज ऐकून आइस्क्रीम हातातच विरघळू दिले.

आता असा महोत्सव म्हणजे जत्राच की, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. पण जत्रेतला दुकानदार बाहेरून येतो आणि तिसऱ्या दिवशी पाल मोडून पुढच्या जत्रेला जातो. इथे दुकान मांडणारी बाई महोत्सव संपल्यावर तीन मैलांवरच्या आपल्या घरी जाते, आणि जाताना तिच्या हातात शंभरएक गिऱ्हाइकांचा अंदाज असतो. कोणाला गोड फार लागते, कोणाला बाटली लहान हवी, कोण विचारतो की यावर तारीख कुठे छापली आहे. आम्ही ज्या बागाइतदाराकडे उतरलो होतो त्यांच्या दोनच खोल्या होत्या. रात्री उशिरा नालासोपाऱ्याचे एक कुटुंब दारात आले तर त्या गृहस्थांनी फोन करून त्यांना पलीकडच्या वाडीत पाठवून दिले. मी सहज म्हणालो, "तुमचे गिऱ्हाईक दुसऱ्याला दिलेत?" ते म्हणाले, "अहो, परत स्टेशनावर पाठवले असते तर ते कुटुंब पुन्हा बोर्डीला आले असते का? सकाळी ते माझ्याच बागेत चिकू पाहायला येणार आहेत." संस्था म्हणजे काय, ते मला व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा या उत्तराने अधिक समजले. दोन खोल्यांच्या मालकाने एकट्याने जाहिरात करायची म्हटले तर चिकूचे सगळे पैसे त्यात जातील. गावाने मिळून गावाची जाहिरात केली की रिक्षावाला, ताडगोळेवाली, बोंबील सुकवणारी, खाट भाड्याने देणारा असे सगळे आपापल्या दारात उभे राहू शकतात.

या खटाटोपामागे एक सक्तीही आहे, ती शहरातल्या वाचकाला सहसा माहीत नसते. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. सगळ्या तालुक्यात मिळून कारखान्यांना ५०० एकरांची मर्यादा, आणि तालुक्याच्या सीमेपासून २५ किलोमीटरपर्यंत आणखी एक राखीव पट्टा. शेजारचा तलासरी तालुका त्या पट्ट्यात येतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने यावर देखरेख करायला प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे ते सांभाळले. त्यामुळे बागा वाचल्या, यात मला शंका नाही. पण धुराडे नको म्हणणे हे अर्धे काम झाले. धुराड्याऐवजी चूल कशावर पेटणार, हे उरलेले अर्धे. आणि ते कोणत्याही अधिसूचनेत लिहिलेले नसते. ते बोर्डीसारख्या ठिकाणी चार माणसांनी एकत्र बसून शोधावे लागते. आता तर वाढवणचे बंदर येऊ घातले आहे. १९९८ साली याच प्राधिकरणाने ते नाकारले होते, २०२३ साली परवानगी मिळाली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीही झाली. छहात्तर हजार कोटींच्या वर खर्चाचे ते काम. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. तेवढ्या मोठ्या आकड्यापुढे चिकूच्या लोणच्याची बाटली कुठे दिसणार, हा प्रश्न मला त्या किनाऱ्यावरून फिरताना नेहमी पडतो.

महोत्सवाच्या त्या गर्दीत एका दुकानामागून "सर!" अशी हाक आली. माझी विद्यार्थिनी. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होती, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची, मुंबईत वसतिगृहात राहून शिकणारी. वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि क्वचितच बोले. इथे ती मामीच्या दुकानावर उभी राहून एका मुंबईच्या बाईंशी टोपलीच्या किमतीवरून बोलत होती. बाई दीडशेची टोपली ऐंशीला मागत होत्या. पोरगी हसत होती, पण हटत नव्हती. बाई गेल्यावर शेजारच्या दुकानातल्या एका अनुभवी बाईने तिला सांगितले, "दर तोंडाने सांगू नको. पुठ्ठ्यावर लिहून लाव. बोललेला दर लोक पाडतात, लिहिलेला नाही पाडत." तिने लगेच पुठ्ठा मागून घेतला. तासाभराने आम्ही परत त्या बाजूने गेलो तर तीन टोपल्या गेल्या होत्या, तिन्ही दीडशेला.

अर्थशास्त्राचे आमचे एक सहकारी हे ऐकून म्हणाले, यात विशेष ते काय? त्यांना विशेष वाटले नाही याचे कारण त्यांनी तलासरीचा इतिहास वाचलेला नाही.

१९४५ साली मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले होते. त्यापूर्वी या भागातला माणूस जमीनदाराच्या शेतावर वेठीला राबत असे. वेठ म्हणजे मजुरी नाही. बोलावले की जायचे आणि मिळेल ते घ्यायचे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी त्यांना 'नाही' म्हणायला शिकवले. त्याच वर्षीच्या लढ्यात मागणी होती ती अगदी साध्या आकड्याची: ५०० पौंड गवत कापले की अडीच रुपये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ गेली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही ते वर्गात शिकवतो, त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो आणि दहांतले सहा देतो. आपल्या कामाचा दर आपण सांगायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी जिथे माणसे मेली, तिथल्या एका मुलीने पुठ्ठ्यावर 'टोपली १५० रुपये' असे लिहिले. मला तरी ते विशेष वाटले.

तसे या मुलखात बाहेरचा माणूस काही पहिल्यांदाच येत नाही. बोर्डीला १९२० साली शाळा निघाली आणि आचार्य भिसे तिथे आयुष्यभर राहिले. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. सत्तरीच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी वारल्यांच्या भिंती पाहत आले आणि त्यांनी जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद दिला. मशे पुढे २०११ साली पद्मश्री झाले. ही सारी माणसे येताना काही घेऊन आली. आम्ही शनिवार-रविवारचे पाहुणे येतो ते डबा, कॅमेरा आणि उकाड्याची तक्रार घेऊन. आम्हांला देण्यासारखे एकच असते, ते म्हणजे पैसे. निदान ते तरी योग्य हातात पडावेत.

आणि इथे मला थोडे बोलावेसे वाटते. किनाऱ्यावरच्या बोर्डी-घोलवडला बाग आहे, खोल्या आहेत, स्टेशन आहे. रुळांच्या पूर्वेला तलासरीकडे गेले की दहांतली नऊ माणसे आदिवासी, जमीन बरड, पाणी दूर. बागेत चिकू उतरवायला येणारे हात बहुतेक तिकडचेच. प्रत्येक फलकावर वारली चित्र असते, प्रत्येक संध्याकाळी तारपा असतो. पण खोलीचे भाडे ज्याच्या खिशात जाते तो तारपा वाजवणारा नसतो. वारली चित्रकलेला २०१४ साली मानांकन मिळाले, तरी मुंबईच्या दुकानात चहाच्या कपांवर ती छापणाऱ्याला वारल्याचे घर कुठे आहे हे माहीत असण्याची गरज पडत नाही. हा दोष एखाद्या संस्थेचा नाही. संस्था जिथून सुरू झाली तिथे साधने होती, एवढेच. पण ती तिथेच थांबली तर तलासरी नुसता देखावा होऊन राहील. इटलीत १९८५ साली शेती-पर्यटनाचा कायदा झाला, त्यात एक शहाणपणाची अट आहे: पाहुणे घ्यायचे तर शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी करोनाने पाहुण्यांचा ओघ आटवला आणि ज्यांनी शेती सोडून नुसत्या खोल्या बांधल्या होत्या त्यांना ती इटलीची अट न वाचताच समजली. चिकू मात्र त्या वर्षीही झाडाला लागतच होते.

यंदा मार्चमध्ये त्या मुलीचा फोन आला. एम. ए. झाली आहे, दोन वर्षे एका शाळेत तासिकेवर काम केले, ते सुटले. आता सीमेपलीकडे उंबरगावच्या एका कारखान्यात माल भरण्याच्या कामावर घेतात, महिन्याचा पगार नियमित. वडिलांचे म्हणणे ते धरावे. तिच्या मनात दुसरेच. घराशेजारी जागा आहे, आई स्वयंपाक करते, महामार्ग जवळ आहे. येणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालावे, पुढेमागे एक खोली काढावी. "सर, तुम्ही आणि काकू एकदा या. जेवून बघा आणि खरं सांगा."

गेलो. कुडाच्या भिंती, सारवलेले अंगण, पलीकडे मोहाचे झाड. नागलीच्या भाकऱ्या, उडदाचे वरण, सुक्या बोंबलाची चटणी. आमच्या सौ.ला मासळीचा वास सोसत नाही. तिच्यासाठी वेगळी भाजी होती. आई वाढताना बोलत नव्हती, फक्त ताटाकडे पाहत होती. जेवण झाल्यावर सौ.ने नेहमीप्रमाणे पर्स उघडून "मुलांना खाऊला" म्हणून पाचशेची नोट पुढे केली. आईने दोन्ही हात मागे घेतले. "नाही हो बाई. पाहुण्यांचे पैसे घेत असतात का?"

मुलगी आतून आली. म्हणाली, "आई, आज पाहुणे नाहीत, गिऱ्हाईक आहेत. काकू, माणशी दोनशे. चारशे झाले." आणि तिने शंभर रुपये परत केले.

आई फार ओशाळली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चुलीकडे जाऊन बसली. मलाही क्षणभर कसेसेच झाले. विद्यार्थिनीच्या घरी जेवून पैसे मोजणे आमच्या संस्कारात बसत नाही. मुलीला ते दिसले असावे. ती आईकडे वळून हळू आवाजात, पण आम्हांला ऐकू येईल असे म्हणाली, "आजीनं सगळं आयुष्य फुकट राबून काढलं ना? तिला कुणी दर विचारला नाही. मला दर सांगायला लाज नाही वाटत." आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली आणि तिने कागदात मोहाची फुले बांधून सौ.च्या हातात दिली. त्याचे पैसे मात्र तिने मुलीला सांगू दिले नाहीत.

मग आम्ही तिघे अंगणात हिशेब करीत बसलो. नोंदणी, अन्नपदार्थाचा परवाना, संडास बांधायचा खर्च. जमीन आदिवासीची म्हणजे ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर आतापर्यंत उरली नसती. पण त्यामुळे अशी जमीन तारण म्हणून बँकेच्या नजरेत भरत नाही. आठवड्याला दहा माणसे जेवली तर कारखान्याच्या पगाराच्या निम्मेही सुटत नाहीत. वीस जेवली तर सुटतात. ही वीस माणसे आणायची कोणी? ती एकटीने आणू शकत नाही. बोर्डीच्या त्या गृहस्थांनी जसे नालासोपाऱ्याचे कुटुंब पलीकडच्या वाडीत पाठवले, तसे कोणी तरी किनाऱ्यावरून दुपारच्या जेवणाला तिच्याकडे पाठवायला हवे. महोत्सवात ओळख झालेल्या दोघा-तिघांना ती भेटून आली आहे. दोघांनी पाठवतो म्हटले, एकाने रस्ता कच्चा आहे म्हणून सांगितले. रस्ता कच्चा आहे हे खरे आहे.

कारखान्याचे काम तिने अजून धरलेले नाही, सोडलेलेही नाही. वडिलांनी गणपतीपर्यंत मुदत दिली होती, ती आता दिवाळीपर्यंत वाढवली आहे.

गेल्या आठवड्यात तिने फोनवर फलकाचा मजकूर पाठवला: सर, शुद्धलेखन तपासा. फलक रंगवणाऱ्याने वर मोठ्या अक्षरांत 'अस्सल आदिवासी संस्कृतीचा अनुभव' असे घालायचे सुचवले होते. तिने ते खोडले होते. खाली आईचे नाव, 'यांच्या हातचे जेवण', मग भाकरी, वरण, चटणी, भाजी, आणि शेवटी दर. मी 'चटणी'तला ऱ्हस्व 'णि' तेवढा दीर्घ करून मजकूर परत पाठवला. दर दोनशेचा दोनशे वीस झाला होता. कारण विचारले तर उत्तर आले: उडीद महागला, सर.